ग्रहणात आलेला टँकर
कॅलेंडरात पौर्णिमेच्या चौकटीत ‘खग्रास चंद्रग्रहण’ छापलेलं दिसलं, की बेंबळीजवळच्या आमच्या गावातली दुष्काळातली एक संध्याकाळ आठवते. चंद्र उगवला तोच कुरतडलेला, आणि बाभळींच्या वर येईपर्यंत जुन्या तांब्याच्या रंगाचा झाला. कुत्री भुंकायची थांबली. नवव्या महिन्यातली वहिनी दुपारपासून अंधाऱ्या खोलीत पाण्यावाचून बसून होती. विहिरी केव्हाच आटल्या होत्या. तेवढ्यात सरकारी टँकर आला. एरवी त्याच्याभोवती झुंबड उडायची. त्या दिवशी बायका दारातून हलल्या नाहीत. “भरा की बाई, मला पुढं जायचंय,” ड्रायव्हर ओरडला. “गिराण लागलंय. आत्ताचं पाणी पोटात कसं घालावं?” शेजारची म्हातारी म्हणाली. मास्तर असलेला माझा भाऊ चिडला, “पृथ्वीची सावली आहे ती. पाण्यात काय पडणार?” “व्हय का मास्तर? मग बायकू आत कशापायी कोंडलीय?” म्हातारीनं विचारलं. टँकर निघून गेला. ग्रहण सुटल्यावर आईनं घरातला एकुलता एक भरलेला हंडा अंगणात ओतला. ग्रहणातलं पाणी राखायचं तर आधी त्यात तुळशीचं पान टाकावं लागतं, आणि आमची तुळस वाळून गेली होती. दिवसासारखं चांदणं पडलं. आतून वहिनीनं विचारलं, “सुटलं ना? आता तरी पाणी द्या.” टँकर आता परवाशिवाय येणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो येऊन गेल्याचं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजही ग्रहणाची वेळ वाचून झाली, की मी माठावरची ताटली उचलून आत पाहतो.