संजीवनीकाकूचे पन्नास टक्के

संजीवनीकाकूनं म्हसा गावच्या जत्रेत गाडी देऊन बैल घेतला, ही बातमी मुरबाडच्या एसटी स्टँडवर पोचली तेव्हा आम्ही अजून जत्रेतच भजी खात होतो. घरी येईपर्यंत बातमीला शेपूट फुटलं होतं. बैल एक नव्हता, जोडी होती. गाडीवर वरचे पैसे पण दिले होते. स्टँडसमोरचा उसाचा रसवाला तर छातीवर हात ठेवून सांगत होता, "मी डोळ्यांनी बगितलं. बाईनं रुमालाखाली हात घातला, बोटं दाबली, सौदा झाला. उद्यापासून बैलगाडीतनं येणार बलाउज शिवायला!" तो त्या दिवशी म्हशाला गेलाच नव्हता. त्याचा 'बलाउज' मात्र मला लगेच जमला; नकला करायचा मला नादच आहे.

खरं एवढंच: गाडी काकूकडंच आहे. बैल तिनं घेतला नाही. रुमालाखाली हात घातला, हे मात्र सोळा आणे खरं. तो का घातला, ते सांगायचं तर आधी काकू कोण ते सांगायला पाहिजे.

संजीवनीकाकू आमची शेजारीण. मुरबाडला बाजारपेठेत तिचं शिवणाचं दुकान आहे. बोलणं कमी, आणि जे बोलते ते टाचण्या दातांत धरून. त्यामुळं तिची नक्कल करायला दोन आगपेटीच्या काड्या पुरतात. नवरा महादूकाका वाशिंदच्या कारखान्यात. त्याला गाडी चालवता येत नाही, पण शेजारी बसून ब्रेक मारता येतो. पायाखाली ब्रेक नसतो तरी मारतो. त्या जागची चटई झिजून भोक पडलंय.

काकूनं दुकानाच्या कमाईतून सेकंडहँड गाडी घेतली, वाशिंदच्या एका मास्तरांची. तेव्हा महादूकाका ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता, "चालव, चालव. पयल्याच वर्षी गाडीचे तुकडे गोणीत भरून आणशील."

काकूनं टाचण्या तोंडातून काढल्यासुद्धा नाहीत.

मग विम्याचा एजंट कुंडलिक आला. कुंडलिक म्हणजे माझ्यासाठी सण. त्याचं प्रत्येक वाक्य "काय होतं माहितीये का मॅडम" नं सुरू होतं आणि डाव्या भुवईवर संपतं. "काय होतं माहितीये का मॅडम, गाडी जुनी, म्हणून तिची धरलेली किंमत कमी, म्हणून हप्ता कमी. इंजिन लहान, ते पण बरं. गॅसचं किट बसवलंत तर सांगून बसवा, लपवू नका, नायतर वेळेला कंपनी हात वर करंल. आता मास्तरांनी कधी क्लेम केला नव्हता, त्यांना सूट होती. पण ती सूट मास्तरांबरोबर गेली. सूट गाडीची नसते, मालकाची असते. तुमची पाटी कोरी."

"म्हंजे गाडी आली नि मार्क नाय आले," काकू म्हणाली.

"बरोब्बर! वर्षभर कंपनीकडं काय मागितलं नाय, की पुढच्या साली वीस टक्के. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्याला पन्नास. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो तो सरकार ठरवतं, त्यात सूट नाय. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, त्याच्यात. पण एकदा क्लेम केला, की परत शून्य."

महादूकाकाला वेगळीच काळजी होती. "आणि बाई चालवणार म्हणून जास्त लावणार असाल ना?"

कुंडलिकची भुवई वर गेली. "नाय ओ दादा. कंपनीला बाई-बुवा काय दिसत नाय. गाडी दिसते नि क्लेम दिसतो."

काकू उठली आणि तिनं कुंडलिकला दुसरा चहा टाकला. आमच्या गल्लीत एजंटला दुसरा चहा मिळाल्याचं मी तरी तेव्हाच पाहिलं.

त्या दिवसापासून काकूला त्या टक्क्यांचा नाद लागला. पैशासाठी नाही. पैसा तिनं चार ब्लाउज जास्त शिवून काढला असता. पण दर वर्षी सूट वाढल्याचा मेसेज आला, की ती फोन महादूकाकाच्या ताटाशेजारी ठेवायची, चटणीसारखा. "वाचा." तो वाचायचा नाही. मग ती म्हणायची, "इतकी वर्सं रांधते, शिवते. कोणी टक्के दिले? कंपनीनं दिले."

टक्के जपायचे म्हणून तिचे कायदे कडक. दीर रंगू चावी मागायला आला, की "आधी लायसन काढ, मग चावीकडं बग." वाटेत बायका भेटल्या की ती गाडीत घ्यायची, पण एकीनं भाड्याचे वीस रुपये पुढं केले तर गाडी थांबवली. "पैसे पर्समधी टाक, नायतर उतर. ही घरची गाडी हाय, जीप नाय. भाडं घेतलं नि काय झालं तर कंपनी विचारत नाय." ती बाई इतकी घाबरली की पुढच्या वेळी पैशाऐवजी वालाच्या शेंगा घेऊन आली. शेंगा चालल्या.

गेल्या वर्षी काकूचे पंचेचाळीस झाले आणि मला सहामाहीत गणितात पंचेचाळीस पडले. काकू म्हणाली, "दिशा, आपून दोघी एका बाकावर. बगू पन्नासला कोण आदी जातंय."

तर यंदाची म्हशाची जत्रा. विम्याचं पाचवं वर्ष संपायला थोडेच दिवस उरलेले. काकू, मी, आणि अदृश्य ब्रेकवाला महादूकाका निघालो. बैलबाजाराच्या कडेला भात कापलेल्या शेतात गाडी लावली. काकूनं पिशवीतून अस्तराचा तुकडा काढून धूळ पुसली. तिची पुसणी म्हणजे अशी, की गाडीच्या दारात बघून वेणी घालावी. मग आम्ही भांडी पाहिली, घोंगड्या पाहिल्या आणि भजी घेऊन परत गाडीपाशी आलो.

तिथं डोळखांबकडचे राघोभाऊ त्यांचा पांढरा बैल पाखऱ्या गिऱ्हाइकाला चालवून दाखवत होते. गिऱ्हाईक जाड मिशांचा, कर्जतकडचा. चाल बघून खूश. सौदा रुमालाखाली अर्धा झालेला. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही.

पाखऱ्या आमच्या गाडीपाशी आला, थबकला, फुरफुरला. मान खाली घातली.

धप्प!

दारात ताटाएवढा खळगा.

"मारका हाय!" मिशीवाला ओरडला. "बरं झालं आत्ताच कळलं. नको आपल्याला." आणि चालू लागला.

राघोभाऊंचं तोंड पडलं. "बाई, अशी कशी मधी लावली तुमी गाडी?"

"मधी? गाडी उभी होती, बैल चालत आला!" महादूकाका उसळला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. मला शपथ घालून विचारा, उजळलाच. "घे! आता टाक क्लेम! पाच वर्सं भरतोय, एक रुपाया वसूल केलाय का? टाक! हाय कशाला मग विमा?"

काकू खळग्यावर हात फिरवत होती, ब्लाउजचं माप घ्यावं तसा. रंग सुटला नव्हता, पत्रा फक्त आत गेला होता.

मला गप्प बसवेना. "काकू, गेले गो पन्नास. आता परत शून्य."

तिनं मान वर केली. "लाव पैज."

"लावली. क्लेम करावाच लागणार. मी जिंकले तर घरी जाताना सगळे हॉर्न मी वाजवणार." काकू विनाकारण हॉर्न वाजवू देत नाही, म्हणून.

"नि मी जिंकले तर मी सांगंन त्याची नक्कल, मी सांगंन तिथं."

मी हसले. नक्कल ही काय शिक्षा झाली?

काकू वाकली. नुसती वाकली नाही, पाखऱ्याच्या डोळ्यांइतक्या उंचीवर डोकं आणलं आणि पुसलेल्या दाराकडं बघितलं. मग पाखऱ्याकडं बघितलं. मग परत दाराकडं.

"अवो," ती महादूकाकाला म्हणाली, "त्या मिशीवाल्या भावांना बोलवा. म्हणावं, एक गंमत बगून जा."

मिशीवाला आला, तो पण नाराजीनं. काकूनं पिशवीतून अस्तराचं अख्खं कापड काढलं आणि दोन्ही दारांवर पडद्यासारखं सोडलं, वरची कड काचेत अडकवली. "भाऊ, आणा आता तुमचा पाखऱ्या."

राघोभाऊंनी कासरा आखडून धरत आणला. पाखऱ्यानं कापड हुंगलं, एक कोपरा चाटला आणि पुढं निघून गेला, एखाद्या म्हाताऱ्या मास्तरासारखा.

"आता फिरवा मागं. कासरा घट्ट धरा हां."

काकूनं कापड सर्रकन ओढलं. चकचकीत दारात पांढरा बैल उभा. पाखऱ्याचे डोळे मोठे झाले, नाकातून वाफ, मान खाली. "वढा! वढा!" महादूकाका ओरडला आणि त्यानं उभ्या उभ्या पायानं ब्रेक मारला. राघोभाऊंनी ओढलं. काकूनं कापड परत सोडलं. पाखऱ्या थंड.

मिशीवाला मांडीवर थाप मारून हसायला लागला. "अरं, हा तर सोताशीच भांडतोय! आमच्या थोरल्यावानी!"

"मारका नाय ओ," काकू म्हणाली. "दारात दुसरा बैल दिसला त्याला. मी जास्त पुसली, ती माझी चूक. माणसं सोडा, कापडाला पण लागला नाय तो."

मिशीवाल्यानं पाखऱ्याच्या शिंगांत हात घालून पाहिला, पाठीवर थोपटलं, शेपटीकडून फिरला. पाखऱ्या उभा. रुमालाखाली राहिलेला अर्धा सौदा पुरा झाला.

तो पैसे मोजायला बाजूला गेला तशी काकू राघोभाऊंकडं वळली. "भाऊ, एक विचारू? बैलावर एकदा मारका म्हणून नाव लागलं तर?"

"नाव लागलं तर संपला ओ. दुसऱ्या बाजारात नेला तरी नाव आदी पोचतं. वाचवलंत बाई तुमी त्याला."

"माझंपण तसंच हाय. मी कंपनीकडं हा खळगा दाखवला, की माझं नाव लागलं. पाच वर्सं एक ओरखडा नाय सांगितला मी. तुमच्या बैलाचं नाव राखलं, आता माझं राखा."

राघोभाऊंनी डोकं खाजवलं. विम्याचं त्यांना काय कळलं देव जाणे, पण नावाचं कळलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. "या."

आणि काकूनं रुमालाखाली हात घातला.

महादूकाका वाकून बघायला लागला, मी दुसरीकडून. रुमाल हलत होता, थांबत होता. राघोभाऊ मान हलवायचे, काकू भुवई. सहा-सात वेळा. शेवटी दोघांनी एकदम मान डोलावली. मिशीवाल्याकडून आलेल्या पैशातून राघोभाऊंनी काही नोटा मुठीत दुमडून काकूला दिल्या आणि म्हणाले, "नि शहापूरला माझा भाचा डेंटिंगचं काम करतो. माझं नाव सांगा. खळगा बाहेर काढंल, मजुरी घेणार नाय."

"किती दिलं गो?" महादूकाकानं विचारलं.

"रुमालाला विचारा," काकू म्हणाली.

एवढं होईपर्यंत आमच्याच गावचे दोघं लांबून बघत होते. गाडी, बैल, रुमाल, काकूचा हात. पुढचं मुरबाड स्टँडवर घडलं.

शहापूरच्या भाच्यानं दाराचं आतलं कव्हर काढलं आणि आतून हलके ठोके देत पत्रा बाहेर आणला. आम्ही तोवर वडापाव खाल्ला. उन्हात तिरकं बघितलं तर अजून एक सावली दिसते. काकू तिला पाखऱ्या म्हणते.

मग कुंडलिक आला. "काय होतं माहितीये का मॅडम, क्लेम केलात का काही?"

"नाय."

"मग पन्नास! ह्याच्यापुढं कंपनीकडं टक्केच नायत. टॉपर!"

काकूनं फोन महादूकाकाच्या ताटाशेजारी ठेवला. या वेळी त्यानं तो उचलला, लांब धरून वाचला आणि परत ठेवला. "भाजीत मीठ कमी हाय," असं म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसला तेव्हा दोन्ही पाय आखडून बसला होता. ब्रेक एकदाच मारला, तो पण कुत्रं आडवं आलं तेव्हा.

राहिली माझी पैज. काकूनं रथसप्तमीच्या आधी हळदीकुंकू ठेवलं. आख्ख्या गल्लीच्या बायका आल्या. त्यांतल्या निम्म्या बैलजोडी बघायला आल्या होत्या. "कुठं बांधलेत गो?" असं एकीनं तिळगूळ घेता घेता विचारलंच.

काकूनं दातांतली टाचणी काढली. "दिशा सांगंल. दिशा, चल. सगळ्यांची नक्कल कर, म्हशाला झालं ते पयल्यापासून."

एवढंच? मी सुटले. महादूकाकाचा ब्रेक केला, मिशीवाल्याची मिशी केली, राघोभाऊंचं डोकं खाजवलं, कुंडलिक जत्रेत नसताना सुद्धा त्याची भुवई घुसवली. बायका पदर तोंडात धरून लोळत होत्या.

"नि बैल?" काकू म्हणाली.

"बैल?"

"पैज बैलाची. अंगणात चल, गाडीपाशी."

मी आजवर कोणाचीही नक्कल केली असेल, जनावराची नाही. पण हरले होते. नव्या ड्रेसचे गुडघे शेणानं सारवलेल्या अंगणात टेकले, चार पायांवर चालत दारापाशी गेले. काकूनं ते सकाळीच पुसून ठेवलं होतं. दारात माझंच तोंड, नाक मोठं, डोळे बटाट्याएवढे. बायका ओरडत होत्या, "फुरफुर गो, फुरफुर!" मी फुरफुरले, मान खाली घातली आणि जोरात धाव घेतली.

"हळू गो!" काकू किंचाळली. "पन्नास हायत त्यात!"