मशीनचे दिवस धरून

घड्याळबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. डायलिसिसच्या वॉर्डात नर्स म्हणून त्यांची एकवीस वर्षं झाली होती. पेशंटला पाच मिनिटं उशीर झाला तरी त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. ते बघणं ज्याला झेपलं नाही त्यानेच हे नाव ठेवलं असणार. बाईंना नाव ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं, पण तोंडाने कबूल करतील तर शपथ.

वॉर्डात आठ खुर्च्या. कोपऱ्यातली खुर्ची इतिहासाच्या निवृत्त सरांची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा, हातात दोन जाड सुया. सरांनी तीस वर्षं पोरांना त्या लांबच्या बेटावरचा तुरुंग शिकवला होता. गोऱ्या सरकारने तो कसा बांधला, कैद्यांकडूनच विटा कशा भाजून घेतल्या, साहेबांसाठी टेकडीवर नाचघर कसं होतं, सगळं तोंडपाठ. पाहिलेलं मात्र काहीच नाही. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनीही राजीनामा दिला.

एका सोमवारी बाई सुया लावत असताना सर हळूच म्हणाले, "सिस्टर, बेटावर मशीन असतं का हो?"

दुसरं कुणी असतं तर "विचारून सांगते" म्हणून विसरून गेलं असतं. बाईंनी त्याच दुपारी बेटावरच्या दवाखान्यात फोन लावला. तिथे दोन मशीन होती आणि बाहेरून आलेल्यालाही घेत, फक्त रक्ताचे ताजे रिपोर्ट हवेत. एवढ्यावर थांबतील तर त्या घड्याळबाई कसल्या? पाणी कुठून येतं, वीज गेली तर काय, सुया कोण लावतं, अशा प्रश्नांनी त्यांनी तिथल्या टेक्निशियनला भंडावून सोडलं. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मॅडम, तुम्ही तपासणीला येताय का?"

"नाही. माझा माणूस पाठवतेय."

डॉक्टरांनी अट घातली की एकही डायलिसिस चुकता कामा नये, नाहीतर परवानगीच्या कागदावर सही नाही. सरांनीही बाईंकडून शब्द घेतला. तिथलं मशीन सुरू झाल्याचा फोन येईपर्यंत वॉर्डात कुणाला काही सांगायचं नाही. बेत फसला तर लोक कीव करतील, आणि सरांना कीव अजिबात चालत नसे.

बेत त्यांनी स्वतः आखला, वळणदार अक्षरात, समास सोडून. "चार दिवसांची सहल. पहिला दिवस, प्रवास. दुसरा दिवस, तुरुंग आणि गोऱ्यांची दफनभूमी. तिसरा दिवस, होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर, जिथे कासवं अंडी घालतात. चौथा दिवस, पांढऱ्या वाळूवर चालणे, परत." लॉजवाला, वाटाड्या, होडीवाला, सगळ्यांना फोनही त्यांनीच केले होते.

बाईंनी कागद वाचला, कौतुकही केलं, आणि सवयीप्रमाणे लॉजवाल्याला पुन्हा फोन लावला. फोन ठेवला तो कपाळाला हात लावूनच. सर मंगळवारी पोचणार होते आणि शुक्रवारी त्यांना खोली सोडायची होती. वाटाड्या तुरुंगाच्या फाटकाशी उभा राहणार बुधवारी सकाळी, म्हणजे सर मशीनवर असताना.

"सर, शाळेत तुमचं गणित कच्चं होतं का हो?"

सरांनी बोटांवर मोजलं. "मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार. चारच की." मग स्वतःच्याच बोटांकडे बघत म्हणाले, "सिस्टर, मशीनचे दिवस मी धरतच नाही."

शेजारी स्टुलावर बसलेल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "घरीसुद्धा आम्ही असंच मोजतो. सहा वर्षं झाली."

सरांनी कागदाची घडी घातली. "राहू द्या आता. डॉक्टरांना कळलं तर ते कशाला सही करतील? झाली तेवढी शोभा पुरे."

बाईंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. एकवीस वर्षं त्या जिवाच्या कराराने जे काम करत होत्या, ते माणसाच्या हिशेबात दिवस म्हणूनही धरलं जात नाही, हे त्यांना झोंबलं. सरांच्या हातातला कागद काढून घेऊन त्या घरी आल्या. त्या संध्याकाळी नवऱ्याला चहा स्वतःच करून घ्यावा लागला. बेटावरच्या टेक्निशियनला तीन फोन गेले, होडीवाल्याला दोन.

बुधवारी त्यांनी सरांच्या मांडीवर नवा कागद ठेवला. वर लिहिलं होतं, "सहा दिवसांची सहल." तुरुंग गुरुवारी, कासवांचा किनारा शनिवारी, पांढरी वाळू रविवारी. आणि मधे, "बुधवार. सकाळी मशीन, दुपारी झोप. संध्याकाळी दवाखान्यामागच्या जुन्या धक्क्यावर बसणे. कैद्यांना इथेच उतरवत." त्याखाली, "शुक्रवार. मशीन. खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली आहे. समोरच्या झाडाला शेकडो वटवाघळं लटकतात. मोजणे."

सरांनी कागद दोनदा वाचला. "हा धक्का माझ्या पुस्तकात नव्हता."

"मशीनचा दिवसही दिवसच असतो, सर," बाई म्हणाल्या. "तो मी उभा करते."

सरांनी कागद काकूंना वाचायला दिला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि बाईंचा हात धरला. डॉक्टरांनी कागद वाचून त्याच दिवशी सही केली.

दोन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी आठ वाजता, कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. या वॉर्डात मशीनच्या दिवशी खुर्ची रिकामी दिसली की कुणी काही विचारत नाही. चादर बदलतात आणि पुढच्या आठवड्यात तिथे नवा माणूस बसतो. सरांच्या शेजारचे ट्रकवाले मामा एकदा तिकडे बघून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. टीव्ही लावा असं कुणी म्हटलं नाही. दिलेल्या शब्दाला जागून बाई खाली मान घालून सुया लावत राहिल्या, पण त्यांचा जीव फोनमध्ये होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. वजन ठीक, मशीन सुरू.

बाई वॉर्डाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या खुर्चीबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं काही एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी बाहेरच्या पॅसेजपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"सर सहलीला गेलेत. बेटावर. रविवारी परत येतात."