आधी नाव सांग

आमच्या मॅडमसमोर ‘कॅन्सरचा पेशंट’ म्हणायची सोय नव्हती. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूच्या त्या प्रमुख, आणि मी नुकतीच एमडी होऊन त्यांच्या हाताखाली आलेली. पहिल्याच राउंडला मी सुरुवात केली, “मॅडम, खिडकीजवळचा बेड, कॅन्सरचा पेशंट...” त्यांनी हात वर केला. “आधी नाव सांग. मग ते काय करतात ते सांग. आजार कुठे पळून जात नाही.”

केमोनंतर ताप आला की रिपोर्टची वाट बघत बसलेलं त्यांना खपायचं नाही. “अगं, पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, सूज येत नाही. माणूस वरून बरा दिसतो आणि आतून बुडत असतो. आधी औषध दे, मग शोधत बस,” असं म्हणत त्या स्वतः सलाइनला हात घालायच्या.

नवरात्रात नातेवाईक टेंभी नाक्याच्या देवीचा हार घेऊन यायचे. अशा पेशंटना फुलांतूनही संसर्ग होतो, म्हणून ती आत चालत नाहीत, हे सांगताना आम्ही चाचरायचो. मॅडम दारात जायच्या, हाराला मनापासून नमस्कार करायच्या आणि म्हणायच्या, “देवीला सांगा, डॉक्टरनी दारात अडवलं. ती रागावायची नाही, ओळखते मला.” माणसं हसत हार परत न्यायची.

मोकाशीबाई डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना रक्ताचा कॅन्सर होता. केमोने पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या असतानाच सेप्सिस झाला. संसर्ग अंगभर भिनला, रक्तदाब कोसळला, श्वास पुरेना. आमचे एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, “व्हेंटिलेटर कशाला, मॅडम? इम्युनिटी शून्य आहे. शेवट ठरलेला आहे.”

“कोणी ठरवला?” मॅडम म्हणाल्या. “पेशी परत येतील असं केमोचे डॉक्टर म्हणताहेत. तोवर बाईंना तगवायचं काम आपलं.”

मग त्यांनी बाईंच्या नवऱ्याला, मोकाशींना, खुर्चीत बसवलं आणि स्वतःही समोर बसल्या. “मी खोटी आशा दाखवत नाही. बाई जाऊही शकतात. पण थोडे दिवस आपण पूर्ण ताकदीने प्रयत्न करू. शरीर साथ देईनासं झालं, तर मीच येऊन तुम्हाला सांगेन. यंत्रांवर उगाच ठेवणार नाही.”

मोकाशींनी एवढंच विचारलं, “तिला आत्ता काही कळतंय का हो?”

“माहीत नाही. कळतंय असं धरूनच मी त्यांच्याशी बोलते. तुम्हीही बोला.”

बाईंची मूत्रपिंडं थकली, डायलिसिस लागलं. मग एका सकाळी रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. मॅडमनी तो आकडा सगळ्या आयसीयूला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. पुढे बाई व्हेंटिलेटरवरून उतरल्या, घरी गेल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहिल्या. असं प्रत्येकाचं होत नसे. ज्यांचं झालं नाही, त्यांच्या घरच्यांना सांगायला मॅडम स्वतःच जायच्या. आम्हाला कधी पाठवलं नाही.

नंतर मी कल्याणला एका लहानशा आयसीयूची जबाबदारी घेतली, आणि मॅडम निवृत्त झाल्या. मग त्यांनाच कॅन्सर झाला. केमो सुरू असताना एका दुपारी त्यांचा फोन आला, “ताप आहे, थंडी वाजतेय. भावाबरोबर निघालेय. औषध काढून ठेव.”

“मॅडम, ठाण्यात एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत. इथे माझ्याकडे...”

“तुला मी शिकवलंय. तिथे कोणी शिकवलंय, मला माहीत नाही.”

गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांचे हात गार पडले होते. रिपोर्टची वाट न बघता मी स्वतः सलाइन लावून औषध सुरू केलं. त्या दुखण्यातून मॅडम उठल्या. पुढल्या वर्षी कॅन्सरनेच गेल्या. घरी, शांतपणे, त्यांना हवं होतं तसं.

मला मात्र आठवतो तो त्यांचा डिस्चार्जचा दिवस. घ्यायला आलेल्या शेजारणीला त्यांनी माझी ओळख करून दिली. इतकी वर्षं मला ‘अगं ए’ म्हणणाऱ्या मॅडम ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “या माझ्या डॉक्टर.”