कणगीत ठेवलेले चार दाणे

आजऱ्याच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला दोघंच आली होती. तात्या, म्हणजे माझे वडील, पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं, मागं आई, आणि तिच्यामागं मी. सासरी जाणाऱ्या मुलीला पोचवायला निम्मं गाव येतं. मी काही सासरी चालले नव्हते, मी कोल्हापूरला कामाला चालले होते. पंचवीस वर्षांची बिनलग्नाची पोर एकटी शहरात निघाली म्हटल्यावर लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण आपापल्या दारात उभं राहून बघितलं मात्र सगळ्यांनी.

माझ्या मानेवर कोडाचा डाग आहे. आता मी तो पदरानं झाकत नाही, पण तेव्हा आई झाकायला लावायची. बघायला येणारे पोहे खायचे, चहा प्यायचे, शेताची चौकशी करायचे आणि निरोप काही यायचा नाही. माझ्यापायी धाकट्या सुशीलाचं खोळंबलं होतं. मग मीच म्हटलं, मी जाते, तिचं उरकून घ्या. तात्यांनी ऐकलं आणि उठून गोठ्यात गेले. म्हशीला वैरण घातलेली होती, तरी परत घातली.

आमच्या घरात एक रीत होती. माहेरवाशीण परत निघाली की आई तिची ओटी भरायची, शेतातल्या वासाच्या घनसाळ तांदळानं. मग त्या मुलीनं पदरातले चार दाणे घ्यायचे आणि घरातल्या कणगीत परत टाकायचे. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, माझ्या कमरेला लागेल एवढी. वर्षाचा तांदूळ तिच्यात राहायचा. आई म्हणायची, "चार दाणं मागं ऱ्हायलं की पाय वळत्यात."

पण ओटी लग्न झालेल्या बाईची, माझी कुठली भरणार? आईनं एका धडप्यात तांदूळ बांधले आणि गाडी हलायला लागल्यावर खिडकीतनं आत ढकलले. "शिजवून खा. उपाशी निजू नको," एवढंच म्हणाली. तिकीट काढताना, घाटाची वळणं घेताना, ते गाठोडं माझ्या मांडीवरच होतं. आणि सारखं मनात येत होतं, कणगीत आपलं काही राहिलं नाही.

तनू, तू हैदराबादला गेल्यापासून हे सगळं परत परत आठवतंय, म्हणून लिहायला घेतलं. सुशे, तू पण वाच. तुला निम्मं ठाऊक आहे, उरलेलं निम्मं मी तुला कधी सांगितलं नाही.

कोल्हापुरात मला मंगळवार पेठेत खोली मिळाली. खोलीची मालकीण म्हणजे काकी, त्यांचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायचा. मी बोलायला लागले की हसायच्या. "अगं, कानडी बोलतीस का मराठी? एक काय ते ठरीव की." मी सुरुवातीला रडायचे. नंतर कळलं, ज्याच्यावर काकी ओरडत नाहीत तो त्यांचा कुणी लागत नाही.

काम शाहूपुरीत, एका छापखान्यात. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि शिवायच्या. माझी शाळा सातवीत सुटलेली. पुढचं सगळं शिक्षण त्या घड्यांवर झालं. घडी घालता घालता वाचायचं. पण सोळा पानं वाचून होतात तोवर पुढचा गठ्ठा दुसऱ्याच बाईकडं गेलेला असायचा. कितीतरी गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही. एवढं वाचलं त्यातनं हे असं लिहिणं आलं, आडवंतिडवं, ते चालवून घ्या.

सुशीलाचं लग्न झालं. मी सणाला गावी जायचे, यायचे, वर्षं गेली. चाळिशी जवळ आली तेव्हा मी काकींना म्हटलं, मला मूल दत्तक घ्यायचंय. काकी भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "घे की. मला काय इचारतीस? बघणार मीच हाय न्हवं?"

संस्थेच्या बाई घर बघायला आल्या तेव्हा मी घाबरून गेले होते. एक खोली, वर पत्रा. त्यांनी काकींना विचारलं, या एकट्या आहेत, कामाला गेल्यावर मुलीकडं कोण बघणार? काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एकटी? बाई, दार उघडं टाकून बसा जरा इथं. गल्लीतली किती माणसं आत येत्यात बघा. ही एकटी असती तर मी सुखानं झोपले असते की." बाई हसल्या. मला वाटतं त्या हसण्यातच आमचं काम झालं.

तनू आली तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. केस बारीक कापलेले, पायात मोठ्या मापाचे बूट. रडली नाही. माझ्याकडं बघितलं नाही. ताटात वाढलेलं निम्मं खायची आणि उरलेलं फ्रॉकच्या खिशात. भाकरीचा तुकडा, भाताचं ढेकूळ, एकदा तर आमटीतली शेवग्याची शेंग. खिसे धुऊन माझी बोटं सुरकुतली. मी रागावले नाही, पण समजावून बघितलं, की बाळा, उद्या परत मिळणार आहे. ती नुसती बघायची. उद्या हा शब्द तिला कुणी नीट पाळून दाखवला नव्हता.

एक दिवस अंथरूण झाडताना तिच्या उशीखाली भाकरीचा कोर सापडला. मी तो उचलून टाकणार तेवढ्यात काकी दारातनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. खिशात ठेवीत हुती न्हवं इतकी दिवस? आता उशीखाली ठेवली. हितंच झोपायचं हाय हे कळलंय तिला." मी तो कोर परत होता तिथं ठेवला. मुंग्या झाल्या, तरी ठेवला.

त्यानंतर ती अशीच एक एक जागा आपली करत गेली. छापखान्यात माझ्याबरोबर यायची, कागदाच्या कातरणाच्या ढिगात झोपायची, तिथंही एका घडीत शेंगदाणे लपवलेले. समोर म्हैस पिळून देतात त्या दुधाच्या कट्ट्यावर फेसाचा ग्लास दोन हातांनी धरून प्यायची, वरच्या ओठावर पांढऱ्या मिशा. पण तिथं काही ठेवायची नाही. कट्टा लोकांचा, हे तिला बरोबर कळत होतं.

शाळेत घातलं. वेण्या घालण्याएवढे केस वाढले. ताप आला की काकी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि मी सकाळी डोळे चोळत कामावर. चारचौघींसारखंच चाललं होतं. फक्त एक होत नव्हतं. मी तिला घेऊन गावी जाऊ शकत नव्हते.

आईनं माझ्या भावाकडनं निरोप पाठवला होता, एकटी ये म्हणावं. "कुठलं रक्त, कुणाचं पोर, माझ्या घरात नको," असं ती म्हणाल्याचं सुशीलानं सांगितलं, रडत सांगितलं. मग मीही गेले नाही. सण आले, गेले. डब्यातला घनसाळ संपला. दुकानातला तांदूळ आणायला लागले, आणि तो शिजताना घरभर कसलाच वास यायचा नाही.

शेवटी तात्यांचाच फोन आला. "नात घेऊन ये. सुगी संपलीया. तुझ्या आयचं मी बघतो."

तनू तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही गेलो. सुशीलाही आली होती. आई दारात आली, भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, सगळं रीतसर. आणि आत वळून वहिनीला म्हणाली, "पावण्याला पाणी दे गं."

पावणं. दोन दिवस तेच. "पावण्याला दही वाढ." "पावणं झोपलं का बघ." कशाला कमी केलं नाही तिनं, उलट सगळ्यात मोठी भाकरी तनूच्या ताटात. पण नाव म्हणून घेतलं नाही, की अंगाला हात लावला नाही. पावण्याचं सगळं करतात, आणि मग ते जातं. मला आईचं सगळं बोलणं कळत होतं. तात्या तनूला खांद्यावर घेऊन शेतात गेले, गोठ्यात गेले, आणि परत आल्यावर आईकडं बघायचे. आई चुलीकडं बघायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ही खेप झाली, आता परत यायचं नाही. तनूला समज यायच्या आत थांबलेलं बरं.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं सुशीलाची ओटी भरली. सुशीलानं चार दाणे घेतले आणि कणगीत टाकले. मी ट्रंकेपाशी उभी होते, नेहमीसारखी. माझ्यासाठी पिशवीत तांदूळ बांधून ठेवलेले होते, तेही नेहमीसारखे.

तनू माझा हात सोडून कणगीजवळ गेली. टाचा उंच केल्या. खिशातनं मूठ काढली आणि कणगीच्या काठावरनं आत सोडली. वहिनी सूप घेऊन बसायची तेव्हा तिच्याजवळ बसून गोळा केलेले तांदूळ. दोन दिवसांचे.

आई म्हणाली, "काय टाकलंस गं?" दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

"तांदूळ."

"मावशीचं बघून व्हय?"

"नाही. माझे आहेत ते." तनू जरा मागं सरकली. तिला वाटलं आजी रागावली. "परत आल्यावर भूक लागली तर असूदेत."

आईनं माझ्याकडं बघितलं. "तू शिकीवलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. उशीखालचा कोर मला माहीत होता, घडीतले शेंगदाणे माहीत होते. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं आपल्या रीतीनं बघितलं, की या घरातली मुलगी जाताना जे करते ते या पोरीनं न सांगता केलं. आणि खरं सांगू का, तिचं काही चुकलं नव्हतं.

आई कणगीला टेकून खाली बसली. तात्या बाहेर चपला घालून उभे होते, ते आत आले नाहीत. मग ती म्हणाली, "पावणं काय ठेवून जात नसतंय." आणि तनूला म्हणाली, "हिकडं ये. काय नाव तुझं?" नाव तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तनूच्या फ्रॉकचा घेर तिनं धरायला लावला आणि त्यात ओंजळभर तांदूळ घातले. डोक्यावरनं हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग उठली, परत सूप भरून घेतलं आणि माझ्यासमोर आली.

"पदर धर."

मी म्हटलं, "आई, माझं लग्न झालेलं न्हाई."

"मला सांगतीस व्हय? लेकुरवाळी हायस न्हवं? धर पदर."

मी पदर धरला. तांदूळ पडताना होणारा तो बारीक आवाज मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पदरात ऐकला होता. मी चार दाणे घेतले आणि कणगीकडं वळले. मागनं आई म्हणाली, "मागल्या खेपंचं बी टाक. कोल्हापूरला गेलतीस तवाचं ऱ्हायल्यात तुझं." म्हणजे तिच्याही मनात होतं. इतकी वर्षं. मी मूठभर टाकले. सुशीला पदर तोंडाला लावून उभी होती, आणि तनू कणगीच्या काठावरनं आत डोकावून आपले कुठले आणि माझे कुठले ते शोधत होती.

आता तात्या नाहीत, आई नाही, काकीही नाहीत. भावानं गावी स्लॅबचं घर बांधलं. कणगी कधीच गेली, तांदूळ प्लॅस्टिकच्या पिंपात असतो. तरी आम्ही गेलो की त्या पिंपात चार दाणे टाकतो, आणि भाऊ थट्टा करतो, "अक्का, सोसायटीचं गोदाम झालं की गं आमचं हे, सगळ्यांचा वाटा."

तनू हैदराबादला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. निघायच्या दिवशी मी सूप काढलं तर म्हणाली, "आई, जीन्सला पदर कुठला?" आणि स्वतःच टी-शर्टचा घेर पुढं ओढून उभी राहिली. तशीच, पाच वर्षांची असल्यासारखी. मी तांदूळ घातले. तिनं चार दाणे घेतले, स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत टाकले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. खोली तीच आहे, पत्र्याच्या जागी आता छत आलंय, एवढंच.

मी घर सोडलं तेव्हा मला वाटायचं, आपण जन्मलो ते घर. मग वाटलं, आपण भाडं भरतो ते घर. आता मला विचाराल तर जिथं पोरीनं काहीतरी ठेवलंय ते घर. तिथं कुणीतरी डबा सांभाळत बसायचं असतं. आई बसली, आता माझी पाळी.

तनू, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, पीजीच्या जेवणाला नावं ठेवून झाल्यावर, "माझे तांदूळ शिजवून खाल्ले नाहीस ना?" मी हसले आणि नेट गेलं, सांगायचं राहिलं. नवा तांदूळ आला गावाहून. मी तो वरनं ओतला, आणि रोजच्याला वरचाच काढते. तुझे खाली आहेत.