टँकरसमोरून पुसलेली बाई

सांगलीच्या ज्या दैनिकात मी फोटोग्राफर होतो, तिथल्या संपादकाशी मी आजही बोलत नाही. लग्नकार्यात समोर आला तरी पाठ फिरवतो.

जत तालुक्यातल्या एका गावात पाण्याचा टँकर सुरू होणार होता. पुढारी नारळ फोडणार, तेवढ्यात साठीची एक बाई गर्दीतून पुढं आली आणि रिकामी घागर तिनं त्याच्या पायाशी आपटली.

"आमच्या वस्तीवर कवा येनार टँकर? आमी माणसं न्हाई व्हय?"

मी बटण दाबलं. तिचं उगारलेलं बोट, पुढाऱ्याचं पडलेलं तोंड, दोन्ही नीट आलं.

सकाळी पहिल्या पानावर फोटो होता, खाली माझं नाव होतं, पण बाई नव्हती. पुढाऱ्याला दुसऱ्या फोटोतला हसरा चेहरा बसवला होता. बाईची सावली मात्र पुसायची राहून गेली होती.

मी संपादकाच्या केबिनमध्ये घुसलो. "बाई कुठाय?"

"फोटो जरा स्वच्छ केला."

"तीच बातमी होती! उद्या खुलासा छापा."

"बातमी काय ते मी ठरवतो. नोकरी करायचीय ना? मग गप बस."

ओळखपत्र त्याच्या टेबलावर फेकून मी बाहेर पडलो. मिरजेच्या स्टुडिओत मूळ फोटोची मोठी प्रत काढली आणि एसटीनं तिच्या वस्तीवर गेलो. तिनं मला 'बस' असंसुद्धा म्हटलं नाही.

"मावशी, मी नाही पुसलं. ऑफिसात केलं."

"खाली नाव कुणाचं हाय?"

मी मूळ फोटोची प्रत पुढं केली.

"गाव म्हंतंय, 'तू बोललीच न्हाईस, पेपरात कुठं हायस?' तू मला पुसलंस, सावली तेवढी ठिवलीस."

फोटो तिनं हातातून ओढून घेतला आणि दार लावलं. बाहेर उभा राहून मला संपादकाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. आधीही फोटोंतली माणसं हलवलेली, काढलेली मी पाहिली होती. तेव्हा मी कुठं तोंड उघडलं होतं?

फोटोमागं मी माझा नंबर लिहिला होता; चार दिवसांनी तिचा फोन आला. फोटो तिनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला होता, तो कुणीतरी फाडला होता.

"आनखी आण," एवढंच म्हणाली.

मी गठ्ठाच नेला. टँकर थांबायचा त्या जागेपासून देवळापर्यंत तिनं ते फोटो लावले. मला ती अजून माफ करत नाही, आणि टँकर तिच्या वस्तीवर अजून गेलेला नाही.