कान नसलेलं पिस्तूल

निवडणुकीच्या आधी हत्यारं जमा करायची नोटीस आली, तेव्हा मी चालणारी बंदूक ठाण्यात जमा केली आणि न चालणारं पिस्तूल घरी राहू द्यावं म्हणून अर्ज केला. हे मी पूर्ण शुद्धीत केलं. प्यालेलो असतो तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

आमच्या घरात ही दोनच हत्यारं. बंदूक ठासणीची, शेताच्या राखणीच्या परवान्यावरची. तिचा दस्ता मधोमध तडकलेला, त्यावर थोरल्या भावानं सायकलची जुनी ट्यूब आवळून गुंडाळलेली. बंदुकीपेक्षा ती बैलगाडीचं मोडकं लाकूड वाटायची. पण नुसती दारू ठासून एक बार काढला की रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, अख्खा कळप शिवाराबाहेर जायचा. छर्रा भावानं तिच्यात कधी घातला नाही. रोह्यांना पण पोट असतं, असं त्याचं म्हणणं.

पिस्तूल मात्र बघत राहावं असं. निजामाच्या राज्यात कुणा जहागीरदारानं आजोबांना बक्षीस दिलेलं. कशाबद्दल दिलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी दर पाहुण्याला नवीन हकीकत सांगायचो. नळीवर चांदीच्या तारेची वेल, वेलीत हरणं, मुठीवर सिंह. सिंह जरासा बोकडासारखा होता, पण ते सांगायची हिंमत घरात फक्त वहिनीची. दसऱ्याला पाटावर मधोमध पिस्तूल बसायचं आणि बंदूक मागं भिंतीला टेकून उभी असायची, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

त्या साली पाऊस झालाच नाही. मी गावातल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. दूध आटत आटत एका कॅनवर आलं, तेव्हा संस्थेनं आपल्याच पटांगणात चारा छावणी उघडली. आमची बाकीची जनावरं तिथं गेली. घरी राहिली एक म्हैस, वहिनीची. लग्नात माहेराहून, लिंबागणेशकडून, तिच्याबरोबर जी म्हैस आली होती तिची ही नात. आमची आई लवकर गेली. वहिनी घरात आली तेव्हा मी चौथीत होतो, आणि माझ्या अंगावर जे काही मांस आहे ते वहिनीच्या हातचं आणि त्या म्हशींच्या तीन पिढ्यांचं.

म्हैस गाभण होती. छावणीतलं उसाच्या शेंड्याचं वाळकं वाढं तिला सोसायचं नाही, असं वहिनीचं ठाम मत. म्हणून भावानं विहिरीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यावर दहा गुंठे मका जगवला होता. चारी बाजूला पांढरं पडलेलं रान आणि मधे तेवढाच हिरवा तुकडा. मका म्हैस व्यायेपर्यंत पुरला तर ती दावणीला राहणार होती. नाहीतर बाजार.

अशात ती नोटीस आली. ज्याच्या शेतात उभं पीक आहे त्यानं अर्ज केला तर राखणीचं हत्यार घरी ठेवता येत होतं. भाऊ म्हणाला, तू शिकलेला हायेस, अर्ज लिही. कुठल्या हत्याराचा, ते त्यानं सांगितलं नाही. जगात कुणाला हा प्रश्न पडेल असं त्या भल्या माणसाला वाटलंच नसावं.

मला पडला. ठाण्याच्या कोठारात ती चांदी काळी पडेल, कुणी वेल खरवडून घेईल, या धास्तीनं मला झोप नव्हती. शिवाय निवडणुकीला उभ्या असलेल्या संस्थेच्या चेअरमनच्या मिरवणुकीत ते पिस्तूल कमरेला लावून चालायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मी सुंदर अक्षरात दोन पानी अर्ज लिहिला, पिस्तुलासाठी. शेवटच्या तारखेला तो देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही हत्यारं ठाण्यात नेली.

ठाण्यातल्या जमादारानं बंदूक घेतली, तिला चिठ्ठी बांधली, पावती दिली. मग पिस्तूल हातात धरून उलटंसुलटं केलं, नळीच्या बुडाशी नख फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सेक्रेटरी, ह्याला कान कुठंय?"

कान म्हणजे दारूपर्यंत ठिणगी जाते ते बारीक भोक. ते कारागिरानं पाडलंच नव्हतं. तीन पिढ्यांत आमच्याही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हा दागिना हाय," जमादार म्हणाला. "दागिन्याला परवानगी काहून मागता?"

मग मी बंदूक परत मागितली. अर्जाची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

मी भावाला हे सांगितलं. त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि तो शेताकडं गेला. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री रोही बांधापर्यंत येऊन जायचे; आठव्या दिवशी ते आले भर दुपारी. दुष्काळात त्यांचीही भीड गेली होती. भाऊ टँकरच्या रांगेत होता, राखणीला मी. सुतळी बॉम्ब दोन दिवसांतच त्यांच्या सवयीचे झाले होते. मी पिस्तूल घेऊनच बसलो होतो. याला कान नाही हे रोह्यांना थोडंच माहीत, असा माझा हिशेब. बांधावर उभा राहून मी नेम धरला. ऊन पडून चांदी लखलखली. पुढच्या मादीनं मान वर केली, माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि चघळत राहिली. मी ओरडलो. ती मक्याच्या दुसऱ्या ताटाकडं वळली. शेवटी मी आजोबांचं बक्षीस तिला फेकून मारलं. तेही लागलं नाही.

घमेलं बडवत वहिनी घराकडून पळत आली तेव्हा कुठं कळप हलला. मका आडवा झाला होता. वहिनीनं मोडलेली ताटं गोळा केली. मातीत पडलेलं पिस्तूल पदरानं पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लागलं न्हाई ना तुमाला?" मला.

मोडलेला मका चार दिवस गेला. भाऊ बाजाराचं बोलायला लागला. वहिनीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हैस घेऊन स्वतःच छावणीत राहायला गेली. ताडपत्रीखाली ती वाढ्याचे बोटाएवढे तुकडे करायची, पाण्यात भिजवून एकेक मूठ म्हशीच्या तोंडात द्यायची. मी रोज भाकरी घेऊन जायचो आणि सेक्रेटरीच्या थाटात छावणीत हिंडायचो. वहिनीच्या हातांना वाढ्याच्या पात्यांनी चिरा पडल्या होत्या. भाकरी घेताना ती हात पदराखाली धरायची.

म्हैस अडली तेव्हा मी नेमका मिरवणुकीसाठी नवा पांढरा सदरा घालून निघालो होतो. निरोप आला तसा छावणीकडं पळालो. रेडकाचे दोन पाय बाहेर आले होते. वहिनी म्हणाली, ती कळ देईल तेव्हाच ओढा. मी नेमका कळ नसताना ओढायचो, आणि कळ आली की घाम पुसायचो. तिसऱ्या खेपेला वहिनीनं मला कोपरानं बाजूला सारलं. शेजारच्या दावणीची बाई आली, दोघींनी मिळून ओढलं आणि मादी रेडकू, वगार, बाहेर पडली. काळीभोर, ओलीगच्च, हलेनाच.

वहिनीनं तिचं नाक-तोंड बोटानं साफ केलं, छाती चोळली. एक शिंक आली. मग दुसरी. म्हैस मान वळवून रेकली आणि मला उभ्याउभ्या रडू आलं.

वहिनीनं पुसायला इकडंतिकडं कापड शोधलं. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भावजी, काढा तो सदरा. तुमचा न्हाई तर त्याचा तरी उपयोग होऊ द्या."