कानोसाताई आणि गप्प वस्ती

आरोग्य खात्यात तिला सगळे कानोसाताई म्हणत. आधी ती इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसायची. "जिना चढून डावीकडे" हे सांगण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. मग खात्यानं नवा कक्ष काढला. लोक इंटरनेटवर कुठल्या दुखण्याची माहिती शोधतात, सोशल मीडियावर कशाबद्दल कुरकुरतात, त्यावरून साथीचा सुगावा आधीच लावायचा. कोणी शोधलं ते कळत नसे. कुठल्या वॉर्डात किती जणांनी, एवढंच दिसे. माणूस दवाखान्यात जायच्या आधी फोनला विचारतो, हा त्यामागचा हिशेब. खोली लहान, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. सोबतीला संख्याशास्त्र शिकलेला आकडेवाला. कपाळावर चष्मा चढवून टेबलभर चष्मा शोधणारा.

शब्द मोजायचं काम कंप्युटरचं. त्यातलं खरं दुखणं वेगळं काढायचं काम हिचं, आणि ते भलतंच किचकट. कारण आपलं बोलणंच अर्धं आजारी. "डोक्याला नुसता ताप झालाय" असं लिहिणाऱ्याला ताप नसतो, साहेब असतो. कक्ष नवा असताना एकदा "पोटात दुखतंय" एकदम वाढलं. खात्यानं उत्साहानं औषधांची गाडी पाठवली. निघालं काय, तर फुटबॉलचा सामना जिंकलेले हरलेल्यांना विचारत होते, "काय, पोटात दुखतंय का?" त्या गाडीचा ड्रायव्हर पुढे कितीतरी दिवस हिला पोट धरूनच नमस्कार करायचा.

त्यामुळे बाजाराकडच्या वॉर्डातून चमत्कारिक पोस्ट यायला लागल्या तेव्हा ती जपूनच होती. एकानं लिहिलं होतं, "सिगारेट आपोआप सुटली राव, वासच नको वाटतो." दुसऱ्यानं त्याला टाळी दिली होती, "माझंही तसंच, बायको खूश." मग आणखी काही जण. त्याच वॉर्डात "भूक का लागत नाही", "लघवी गडद पिवळी" हे शोधही चढले होते. ती उठून आरोग्य अधिकारी बाईंकडे गेली.

"मॅडम, सिगारेट सोडा अशी काही मोहीम चालू आहे का आपली?"

"आपली मोहीम बघून आजवर कोणी सोडलीय? का हो?"

तिनं पोस्ट वाचून दाखवल्या. बाई मूळच्या डॉक्टर. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"कावीळ असणार. डोळे पिवळे व्हायच्या आधीच कित्येकांना सिगारेटचा वास नकोसा होतो. पाण्याचे नमुने घ्यायला सांगते."

नमुने खराब निघाले. नळाच्या फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं. पुरवठा बंद झाला, टँकर आले, पाणी उकळून प्या म्हणून रिक्षा ओरडत फिरल्या. एरवी कळलं असतं त्याच्या बरंच आधी कळलं होतं. आकडेवाल्यानं सगळ्या मजल्याला चहा पाजला. शोधांच्या संख्येवरून रंगणाऱ्या कक्षाच्या नकाशावर बाजार लालभडक होता आणि पुलापलीकडची वस्ती पांढरीशुभ्र. तिकडची लाइन वेगळी आहे, असं पाणीखात्याचे लोक म्हणाले. नकाशाही तेच म्हणत होता. कोणी खोलात शिरलं नाही.

त्या वस्तीत बहुतेक कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं. तिची आईही तिथेच, एकटी. सुट्टीच्या दिवशी ती गेली, तर दार उघडून आई परत पलंगावर आडवी झाली.

"काय गं, बरं नाही?"

"अन्नावरची वासनाच उडालीय. होईल बरं."

तिनं खिडकीचा पडदा सरकवला. आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"अगं, फोन नाही करायचास?"

"तू आधीच साऱ्या गावाची दुखणी बघत बसतेस, त्यात माझं कुठं? समोरचा शिंपीही पडलाय. खालची दोघं म्हातारा-म्हातारीही. वय झालं की चालायचंच."

ती पलंगाच्या कडेला बसली. या वस्तीत फोन म्हणजे बटणांचा, आलेला उचलायचा. इथं कोणी काही शोधलं नव्हतं, कुठं काही लिहिलं नव्हतं. नकाशावर वस्ती पांढरी होती ती एवढ्याचसाठी. जिन्यात उभं राहून तिनं बाईंना फोन लावला.

"मॅडम, पुलापलीकडेही आहे. माझीच आई पिवळी पडलीय. तिथं शून्य दिसत होतं, म्हणून मी तो भाग चांगला धरला."

"तुम्ही धरलात आणि मी मान डोलावली. ते नंतर बघू. आईंना आधी हलवा, मी माणसं पाठवते."

नर्स घरोघर फिरल्या. दर जिन्यात कोणी ना कोणी निजलेलं होतंच. बाजाराच्या पाइपातून वस्तीच्या लाइनला दिलेला एक जुना जोड पाणीखातं विसरूनच गेलं होतं. बहुतेक माणसं विश्रांतीनं उठली. शिंपी मात्र गेला. त्याचं यकृत आधीच अधू होतं. कानोसाताई त्याच्या घरी भेटायला गेली तेव्हा मशीनवर एक सदरा तसाच पडला होता, एकच बाही लावलेला.

"तुम्हाला ठाऊक असतं तर आला असतात," शिंप्याची बायको म्हणाली.



पुढच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, हा कक्षच बंद करा. बाईंनी ऐकलं नाही. बाजारातले लोक त्यामुळेच लवकर सापडले होते. पण जिथून काहीच ऐकू येत नाही तिथं माणूस पाठवायचा, हे ठरलं. आकडेवाल्यानं अशा वॉर्डांचा पांढरा रंग काढून राखाडी केला आणि खाली लिहिलं, "माहीत नाही".

आईची भूक सावकाश परतली. पहिलं धड जेवण झालं तेव्हा ती म्हणाली, "मीठ कमी आहे." लेकीला बरं वाटलं.

पुलापलीकडची वस्ती कानोसाताईनं स्वतःकडे मागून घेतली. आता ती आठवड्यातून एक दुपार तिथली दारं वाजवत फिरते. सुरुवातीला लोकांना वाटायचं, काहीतरी विकायला आलीय. हल्ली बसवून घेतात. गुडघे, जावई, वरच्या मजल्यावरून होणारी गळती, सगळं ऐकावं लागतं. घाई केली तर लोक "बरं आहे" म्हणून दार लावून घेतात. म्हणून ती बसते.